लेकवर जाताना आधी वारा बघा

अप्पा पहिल्यांदा शिकागोला आले त्या जुलैत आम्ही त्यांना लॉयोला बीचवर नेलं. दुपारचे बारा वाजले असतील. मी पाण्यापासून चार पावलांवर चटई अंथरली, तशी ते म्हणाले, “इथे नको गं. आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, चटई जाईल वाहून.” कोकणात हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही; तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. आमचं घर गुहागरला, पुळणीपासून हाकेच्या अंतरावर. अप्पांचा सगळा जन्म या पाढ्यावर गेला. मी मुकाट्याने चटई वीस पावलं मागे नेली. अप्पांनी ओल्या वाळूच्या कडेला एक काटकी रोवली आणि तिच्याकडे बघत बसले.

साडेचार वाजले. काटकी होती तिथेच, कोरडी ठणठणीत. अप्पा उठले, घोटाभर पाण्यात गेले, ओंजळीने चूळ भरली आणि वळून म्हणाले, “अळणी आहे की हे!” मी एवढी वर्षं ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती, असा काहीसा सूर होता त्यांचा.

भूगोलाच्या पुस्तकातलं हे मिशिगन सरोवर. इथली मराठी माणसं नुसतं ‘लेकवर जाऊ’ म्हणतात. (अप्पांनी गावाला फोन करून सांगितलं, “लेकीबरोबर लेकवर गेलो होतो,” आणि पलीकडच्या काकूंना ते कळायला पाच मिनिटं लागली.) लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते पणजी सरळ रेषेत मोजलंत तरी त्याहून जास्त. सगळ्यात रुंद जागी १९० किलोमीटर. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, पक्षी आहेत. त्यामुळे आपण समुद्राच्या सवयीने वागायला लागतो, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. माझे स्वतःचे बरेच झाले आहेत. नोकरीला, शिकायला नव्याने आलेल्यांसाठी आणि मुलांकडे सहा महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

तिथी नको, दिशा बघा

या पाण्याला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. चंद्र ओढतो, पण पाच सेंटिमीटरसुद्धा पाणी हलत नाही. इथला मालक वारा. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी फोनवर तापमान बघता तसा वारा कुठून आहे तेही बघायचं. शिकागो लेकच्या पश्चिम काठावर आहे एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं.

पूर्वेकडून, ईशान्येकडून वारा आला की तो सगळं पाणी शहराकडे लोटतो. लाटा उसळतात, लाल बावटा लागतो, काठाने बांधलेल्या काँक्रीटवर पाणी आपटतं. बघायला मजा, उतरायला अजिबात नाही. इथल्या लाटा समुद्राच्या लाटांपेक्षा बुटक्या, पण एकामागून एक फार पटापट येतात. गुहागरला एक लाट अंगावर घेतली की पुढची येईपर्यंत हसायला वेळ मिळतो. इथे तीन-चार सेकंदांत दुसरी तोंडावर. त्यात पाणी गोडं, म्हणजे खाऱ्या पाण्यासारखं ते तुम्हाला उचलून धरत नाही. समुद्रात आरामात तरंगणारा माणूस इथे लवकर दमतो.

पश्चिमेचा वारा फसवा. आपल्याकडे रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो त्या मतलई वाऱ्याचा हा भाऊ, फक्त हा भर दुपारी वाहतो. काठाजवळ पाणी आरशासारखं शांत. आईबाप निर्धास्त. माझा मुलगा सात वर्षांचा असताना अशाच एका शांत दुपारी त्याचा हवा भरलेला गुलाबी फ्लेमिंगो हातातून सुटला. फ्लेमिंगो चालायला लागला तो आधी सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत, मग भराभर. मुलगा त्याच्यामागे. नवरा मुलामागे, छातीभर पाण्यात. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि होडी वल्हवत फिरणाऱ्या लाइफगार्ड मुलीने मुलगा आणि फ्लेमिंगो यांच्या मधोमध होडी आणून आडवी घातली. ती कॉलेजात जाणारी पोर, पण आम्हा दोघांना तिने जे सुनावलं ते आम्ही मान खाली घालून ऐकलं. फ्लेमिंगो क्षितिजापर्यंत दिसत होता. मिशिगन राज्यात कुणाला तरी सापडला असेल. तेव्हापासून आमच्या घरी नियम: पश्चिमेचा वारा असेल तर हवा भरलेली एकही वस्तू पाण्यात जाणार नाही. गादी नाही, चकती नाही, बदक नाही.

याच वाऱ्याची दुसरी खोडी म्हणजे वरचं तापलेलं पाणी तो आत ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. काल कमरेपर्यंत खेळलात म्हणून आज तसंच असेल असं नाही. एका दिवसात पाणी सात-आठ अंशांनी उतरू शकतं. एरवीही जूनच्या सुरुवातीला पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं. बाहेर ऊन मी म्हणत असतं, लोक उघड्या अंगाने वाळूत लोळत असतात, आणि पाण्यात बोट घातलं की फ्रिजमधली बाटली धरल्यासारखं वाटतं. जुलैचा शेवट आणि पूर्ण ऑगस्ट हा खरा पोहण्याचा काळ, तेव्हा एकवीस-बावीस अंशांपर्यंत जातं. पाहुण्यांची तिकिटं काढताना हे लक्षात घ्या. मे महिन्यात या म्हणून मी सासूबाईंना एकदा बोलावलं आणि त्यांनी सगळा महिना शाल पांघरून लेक पाहिला. वसंतात शहराच्या आतल्या भागात छान ऊब असते आणि काठावर त्याच वेळी हुडहुडी. इथल्या हवामानाच्या बातम्यांत ‘लेकजवळ गारवा’ हे वाक्य ठरलेलं आहे. म्हणून एक पातळ जाकीट पिशवीत, ऑगस्टातही.

वारा आणि हवेचा दाब मिळून पाणी लेकच्या एका बाजूला लोटतात आणि मग ते परातीतल्या पाण्यासारखं परत हेलकावतं. २६ जून १९५४ रोजी सकाळी असाच सुमारे दहा फुटांचा लोट शिकागोच्या काठावर आला. माँट्रोजच्या धक्क्यावर मासे पकडत बसलेली माणसं त्याने ओढून नेली. आठ जण गेले. असं वारंवार होत नाही, पण जोराची वावटळ किंवा गडगडाटी पाऊस नुकताच तळ्यावरून पलीकडे गेला असेल तर धक्क्यावर, खडकांच्या टोकाला फोटो काढायला जाऊ नका. थोडं थांबा. धक्क्याच्या भिंतीला लागून तर एरवीही पोहू नये. लाटा भिंतीवर आपटून परततात आणि भिंतीच्या कडेने आत खेचणारा ओढा तयार होतो. आत ओढले गेलातच तर पाण्याशी झगडू नका. उताणे व्हा, तरंगत राहा, श्वास जाग्यावर आला की काठाला समांतर सरका.

बावटे आणि वेळा

शिकागोत सरकारी पोहण्याचा हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. लाइफगार्ड सकाळी ११ ते संध्याकाळी ७. त्याआधी आणि नंतर वाळूत बसा, चाला, पाय भिजवा, पोहायचं नाही. हिरवा बावटा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बाहेर. जास्त पाऊस पडून गेला की पाण्यात जिवाणू वाढतात, म्हणून हंगामात रोज पाण्याची तपासणी होते आणि त्यावरूनही बावटा बदलतो. शहराच्या बागा आणि किनारे सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर प्रत्येक किनाऱ्याची त्या दिवसाची स्थिती असते, निघण्याआधी बघून घ्या. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याला हातही लावत नाही, बावटा काहीही असो. हा माझा घरगुती नियम.

हेच पाणी सगळं शहर पितं, बरं का. काठावरून क्षितिजाकडे नीट बघितलंत तर पाण्यात एकट्या उभ्या असलेल्या गोल इमारती दिसतात. अप्पांना ते दीपगृह वाटलं होतं. तिथून पाणी आत घेऊन तळाखालच्या बोगद्यांनी शहरात आणतात.

पैसे कुणी मागणार नाही

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा दुसरा प्रश्न असतो, “तिकीट किती?” काही नाही. शहरातले जवळपास दोन डझन किनारे फुकट आहेत आणि काठाने साडेअठरा मैल, म्हणजे जवळपास ३० किलोमीटर, सलग चालायचा रस्ता आहे. उत्तरेला आर्डमोर अव्हेन्यूपासून दक्षिणेला एकाहत्तराव्या रस्त्यापर्यंत. २०१८मध्ये सायकलवाल्यांची वाट वेगळी केली, ते फार बरं झालं. जमिनीवरच्या खुणा बघून चाला. सायकलच्या वाटेवर चार जण हातात हात घालून गप्पा मारत निघालात तर शिव्या खाल, आणि चूक तुमचीच असेल.

एवढ्या महागड्या शहरात काठ मोकळा राहिला त्यामागे भांडणं आहेत. १८३६च्या एका नकाशावर कालव्याच्या आयुक्तांनी लिहून ठेवलं होतं की ही जागा सर्वांची, कायम मोकळी, इथे इमारत नको. पुढे शहराला तिथे बांधायचा मोह झालाच. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा टपालाने माल विकणारा व्यापारी १८९०पासून वीसेक वर्षं कोर्टात लढला आणि ग्रँट पार्क वाचलं. त्या पार्कची बरीचशी जमीन मुळात पाण्यात भराव टाकून केलेली, त्यात १८७१च्या आगीत जळालेल्या शहराचा राडारोडाही आहे. १९०९मध्ये डॅनियल बर्नहॅमने शहराचा आराखडा केला त्यात सगळा काठ लोकांचा असावा हे ठासून मांडलं. मुंबईत वाढलेला माझा नवरा मरीन ड्राइव्हपलीकडे कुठे कुठे फुकट पाणी बघता येतं याची मनातल्या मनात यादी करतो आणि गप्प होतो.

पैसे लागतात ते पार्किंगला. शक्यतो गाडी आणूच नका. आम्ही उत्तरेला रॉजर्स पार्कमध्ये राहतो. इथे कितीतरी गल्ल्या सरळ वाळूत संपतात; गल्लीच्या टोकाला चार बाक, एक नळ आणि समोर लेक. शहरी रेल्वेच्या रेड लाइनवरच्या मोर्स स्टेशनपासून लॉयोला बीच दहा मिनिटं चालत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी हाच सुचवेन: पाणी बऱ्याच लांबपर्यंत उथळ आहे, झाडांची सावली आहे, गर्दी बेताची.

डाउनटाउनजवळचे ओक स्ट्रीट आणि नॉर्थ अव्हेन्यू हे किनारे फोटोसाठी उत्तम. मागे गगनचुंबी इमारती, पुढे निळं पाणी. नातेवाइकांना पाठवायला याहून चांगली जागा नाही. नॉर्थ अव्हेन्यूची जहाजाच्या आकाराची इमारत मुलांना आवडते. पण शनिवारी दुपारी तिथे गिरगाव चौपाटीवर अनंत चतुर्दशीला असते तशी माणसं, आणि गाण्यांचे आवाज. सकाळी जा. माँट्रोज मोठा, तिथे उत्तर टोकाला कुत्र्यांसाठी राखलेला किनारा आहे आणि बाजूला पक्ष्यांसाठी राखलेली झाडी. २०१९मध्ये चिखल्या जातीच्या, मुठीएवढ्या दोन पक्ष्यांनी तिथे वाळूत घरटं केलं. लोकांनी त्यांची नावं माँटी आणि रोज ठेवली आणि त्यांच्यासाठी एक संगीत महोत्सव रद्द झाला. दोरी लावलेल्या भागात म्हणूनच कुणी शिरू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि सूर्यास्ताचं. कोकणातून, मुंबईतून आलेला माणूस संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसतो आणि सूर्य पाठीमागे एखाद्या इमारतीआड कधी गेला ते त्याला कळतही नाही. शिकागोत सूर्य पाण्यातून वर येतो. जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास. भारतातून आलेल्यांची पहिल्या आठवड्यात पहाटे तीनला झोप उडतेच. त्यांना थर्मासमध्ये चहा भरून द्या आणि गल्लीच्या टोकाला नेऊन बसवा. बागा सकाळी सहाला उघडतात, सूर्य त्याआधीच वर आलेला असतो, म्हणून आम्ही गल्लीतल्या फुटपाथवरच्या बाकावर बसतो. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यातून उगवणारा सूर्य पाहिला तो असा, हातात पार्ले-जी धरून.

खाणं

आधी डेव्हन अव्हेन्यूला जा. तिथे १९७४पासून पटेल ब्रदर्स आहे. कुरमुरे, फरसाण, चिंच, हिरव्या मिरच्या, सगळं एका फेरीत. तिथून १५५ नंबरची बस पूर्वेला थेट लेककडच्या बाजूला आणून सोडते. भेळ काठावर कालवायची हे ठरलेलं, पण इथे आमचं एकदा शिस्तीत नुकसान झालं. परात चटईवर ठेवून मी लिंबू शोधायला पिशवीत वाकले आणि एका पांढऱ्या-राखाडी समुद्रपक्ष्याने, इथे त्यांना गल म्हणतात, सरळ परातीत उतरून कुरमुऱ्यांची चोच भरली. नंतर तो जे ओरडला त्यावर आणखी पंधरा जण आले. परात झाकून ठेवायची. एक तुकडाही त्यांच्याकडे फेकायचा नाही, कितीही पुण्य वाटलं तरी.

भेळेपेक्षाही माझी पसंती दडप्या पोह्यांना. सकाळी कालवून डब्यात दडपले की दुपारी लागतात छान, गरम करावे लागत नाहीत, वाऱ्यावर उडतही नाहीत. नारळ ताजा घालून उन्हात चार तास ठेवू नका मात्र. डबा बर्फाच्या पेटीत. दारू, काचेच्या बाटल्या आणि सिगारेट किनाऱ्यावर चालत नाहीत. शेगडी वाळूवर नको, बागेच्या गवतावर लावा. मक्याची कणसं भाजायला आम्ही छोटी कोळशाची शेगडी नेतो. जळते निखारे टाकायला बागेत वेगळे डबे असतात, त्यातच टाका. झाडाच्या बुंध्याशी ओतू नका आणि वाळूत तर मुळीच पुरू नका. वरून वाळू गार दिसते आणि पुढचं पोर अनवाणी त्यावर पाय देतं. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं जमवणार असाल, मंडळाची सहल वगैरे, तर पार्क डिस्ट्रिक्टचा परवाना आधीच काढावा लागतो.

काही न करता गेलात तरी उपाशी राहणार नाही. मेक्सिकन बायका-माणसं हातगाड्या घेऊन फिरत असतात. वाफवलेलं कणीस, त्यावर लोणी, चीज, तिखट. आणि काठीला लावलेला आंबा, त्यावर तिखट-मीठ आणि लिंबू पिळून. अप्पांनी पहिला घास घेतला आणि गाडीवाल्याला मराठीत विचारलं, “कुठले तुम्ही?” त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी उत्तर दिलं. दोघांचं समाधान झालं. सुटे डॉलर जवळ ठेवा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. कुणी वळून बघत नाही. फक्त सुती सलवार किंवा साडी भिजली की जड होते आणि वाऱ्यात वाळेपर्यंत दात वाजतात. नायलॉनची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टीशर्ट बरा. स्वच्छतागृहं मोठ्या किनाऱ्यांवर असतात. सोबत पाण्याची रिकामी बाटली न्या, कशाला ते सांगायला नको.

पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी

गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना मी लिंकन पार्कला नेते. प्राणिसंग्रहालय फुकट, शेजारी काचेचं वनस्पतिघर, बाक जागोजागी. मुलांसाठी मिलेनियम पार्क: पन्नास फुटी दोन काचेचे मनोरे, त्यांवर माणसांचे चेहरे उमटतात आणि तोंडातून पाण्याची धार सुटते. कोरडे कपडे न्यायला विसरू नका, पोरं भिजल्याशिवाय परत येत नाहीत. तिथलं ‘बीन’ नावाचं चकचकीत शिल्प ज्यांनी घडवलं ते अनिश कपूर मुंबईत जन्मलेले, हे ऐकलं की आपले लोक दोन फोटो जास्त काढतात. तिथून पाच मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. ती धर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरली, ते प्रदर्शन मात्र तिथून बरंच दक्षिणेला जॅक्सन पार्कात होतं. आता तिथे तळी, झाडांनी भरलेलं बेट आणि जपानी बाग आहे. शाळेच्या पुस्तकातला शिकागो शोधत आलेल्यांना मी एका दिवशी दोन्ही दाखवते, आणि दमून आल्यावर त्रेसष्टाव्या रस्त्याच्या किनाऱ्यावर पाय सोडून बसवते.

वाळूचे डोंगर

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर इंडियाना ड्यून्सला जा. शिकागोहून गाडीने तासाभराच्या थोडं वर. मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइनची आगगाडी ड्यून पार्कला थांबते, पण म्हातारी माणसं असतील तर गाडीच बरी. इथे दोन वेगवेगळी उद्यानं एकमेकांत मिसळलेली आहेत आणि सगळे तिथेच फसतात. एक राष्ट्रीय उद्यान, १९६६पासून राखलेला किनारा, १५ फेब्रुवारी २०१९ला राष्ट्रीय उद्यान झालं. गाडीला २५ डॉलर. दुसरं इंडियाना राज्याचं, त्याच्या दाराशी वेगळे पैसे, बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला जास्त. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही. आम्ही पहिल्या खेपेला ती खिडकीतून फडकावली होती.

राज्याच्या उद्यानात जॅक्सन, होल्डन आणि टॉम अशा तीन टेकड्या आहेत, सगळ्यात उंच टॉम १९२ फूट. तिन्ही मिळून दीड मैलांची वाट. आकडा ऐकून सह्याद्रीत हिंडलेली माणसं हसतात. वाळूत एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं, तेव्हा हसू थांबतं. दुपारी वाळू तव्यासारखी तापते. चप्पल नको, बंद बूट. राष्ट्रीय उद्यानातल्या वेस्ट बीचला मात्र लाकडी जिने आहेत, अडीचशेच्या वर पायऱ्या. चढताना आजूबाजूला बघा: पाण्याजवळ नुसतं गवत, मग झुडपं, मग पाइन, शेवटी ओकचं रान. जितके पाण्यापासून लांब तितके जुने. हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९मध्ये इथेच हे पाहून मांडलं की झाडांच्या वस्त्या एकामागून एक कशा बदलत जातात.

माउंट बाल्डी ही सरकती टेकडी, ती दर वर्षी काही फूट आत येते आणि वाटेतली झाडं गिळते. गाडली गेलेली झाडं आत कुजली की पोकळ्या राहतात. २०१३मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशाच भोकात गेला. तीन तासांहून जास्त वेळाने जिवंत निघाला. तेव्हापासून तिथे उद्यानाच्या रेंजरबरोबरच चढता येतं. कुंपण ओलांडून जाणारे दिसतील, तुम्ही जाऊ नका. तीन-तीन पानांची, चकाकती पॉयझन आयव्ही नावाची वेल वाटेच्या कडेला असते, तिला हात लागला तर आठवडाभर खाज.

आणि इथेही वारा बघाच. हा लेकचा दक्षिण काठ, म्हणून उत्तरेचा वारा म्हणजे तीनशे मैल धावत आलेल्या लाटा, पाण्याबाहेर राहा. दक्षिणेचा वारा म्हणजे शांत पाणी आणि माश्या. घरमाशीसारख्याच दिसतात, पण घोटे फोडून काढतात. डासांचं मलम त्यांना भीक घालत नाही. लांब पँट आणि मोजे, नाहीतर दुसरा दिवस निवडा. पश्चिमेचा हलका वारा असला की जमलं.

संध्याकाळपर्यंत थांबलात तर उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत सूर्य पाण्यावर मावळतो, आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर शिकागोच्या इमारती काड्यापेटीतल्या काड्यांएवढ्या दिसतात. कोरड्या वाळूत पाय घासत चाललात की ती कुईं-कुईं आवाज करते. गारगोटीचे कण एकमेकांवर घासून तो आवाज येतो, ओल्या वाळूत येत नाही. अप्पा या आवाजासाठी पुढेमागे तीनदा चालले. गुहागरची वाळू बोलत नाही, हे त्यांनी कबूल केलं.

गाडीत बसण्याआधी पाय पाण्याने धुऊ नका, वाळू आणखी चिकटते. आधी पाय कोरडे होऊ द्या, मग टाल्कम पावडर चोळा आणि फडक्याने झटका. एक कण राहत नाही. ही युक्ती अप्पांची. भारतातून आणलेला त्यांचा पावडरचा डबा अजून आमच्या डिकीत आहे, अर्धा भरलेला.